खराट्याचा हीर, कडुलिंबाची काडी आणि बोरू : दहा महिन्यांच्या इंकिंगनंतर

गेल्या जूनमध्ये मी ठाण्याच्या खाडीवरच्या एका कॉमिकचं इंकिंग, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर शाईने पक्कं काम करणं, हातात घेतलं. २४ पानं, कागद ११ बाय १७ इंचांचा, रंग नाही, फक्त काळं-पांढरं. पहिली चार पानं नेहमीच्या सामानाने केली: जी निब (शाईत बुडवून वापरायची, दाबाने रेघ जाड करणारी धातूची निब) आणि दोन नंबरचा सेबल ब्रश. माणसं उतरली, होड्या उतरल्या, चेंदणी कोळीवाड्यातली घरंही उतरली. चिखल काही उतरेना.

ओहोटीला खाडीच्या कडेला जाऊन बघा. तिवरांच्या भोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं शेकड्यांनी वर आलेली असतात. श्वास घेण्यासाठी झाडाने वर काढलेली मुळं ती. निबने काढली की फळीत खिळे ठोकल्यासारखी दिसायची. हाताला एक झोक बसलेला असतो, पन्नासावं मूळ पहिल्याचीच नक्कल होतं. ब्रशने काढली तर फार सुबक व्हायची. चिखलात सुबक काही नसतं.

गॅलरी धुवायचा खराटा कोपऱ्यात होता, त्यातला एक हीर ओढून काढला. जाड टोक ब्लेडने तिरपं कापलं, अर्धा इंच शाईत बुडवलं, बाटलीच्या कडेला एकदाच टेकवलं आणि कागदावर खालून वर ओढलं. टेकवल्याबरोबर एक थेंब उतरतो, तो मुळाचा बुंधा. पुढे रेघ बारीक होत जाते, मध्येच दुभंगते, आणि दीड इंचावर शाई संपून नुसता कोरडा ओरखडा उरतो. हिराला शाई साठवता येत नाही, म्हणून प्रत्येक रेघ वेगळी मरते. त्या दिवशी एका पानावर तीनेकशे मुळं काढली आणि एकही दुसऱ्यासारखं आलं नाही. रात्री जेवायला उठले तेव्हा बोटं काळी होती, आणि मला फार आनंद झाला होता.

दहा महिन्यांनी हिराबद्दल माझं मत तेच आहे. मुळं, गवत, जाळ्याचे तुटलेले धागे, लाकडाच्या चिरा यांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. दोन इंचांपेक्षा लांब रेघ त्याच्याकडून मागू नका. चेहऱ्याला तर लावूच नका, डोळ्याच्या कडेवर थेंब पडला की पान गेलं.

कडुलिंबाच्या काडीचं मात्र मत बनायला वेळ लागला. करंगळीएवढी काडी घ्यायची, दात घासायला चावतो तशी टोकाला चावून तंतू मोकळे करायचे आणि दोन दिवस वाळवायची. मी पहिल्यांदा ओलीच वापरली, तर रस शाईत उतरून काळा रंग फिका पडला. वाळलेल्या काडीवर थोडी शाई घेऊन आधी रद्दी कागदावर फिरवायची, मग चित्रावर. जुन्या भिंतीचा पोपडे धरलेला गिलावा याने असा येतो की वेगळं शेडिंग लागत नाही. प्रत्येक बैठकीनंतर लगेच धुतली नाही तर तंतू कडक होतात. मग टोक कापायचं आणि पुन्हा चावायचं. एक काडी मला साधारण महिनाभर पुरते.

तंतू कडक होतात ते शाईतल्या लाखेमुळे. वॉटरप्रूफ इंडियन इंक म्हणजे मुळात काजळी, आणि तिला कागदावर धरून ठेवायला लाख. वाळल्यावर पाणी लागलं तरी ती हलत नाही ती याच लाखेमुळे, आणि फाउंटन पेनात भरली तर पेन कायमचं तुंबतं तेही तिच्यामुळेच. सुरुवातीला मी एक बाटली आणली होती, लेबलवर ठळक अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलेलं. पाचव्या पानावर पातळ शाईचा वॉश मारला आणि दोन दिवसांचं रेघकाम डोळ्यांदेखत वाहून गेलं. दुकानात परत नेली, तर उघडलेली बाटली परत घेत नाही म्हणाले. तेव्हापासून नवी बाटली आली की आधी एक रेघ मारते, तासभर थांबते आणि ओलं बोट फिरवते. रेघ जागची हलली तर ती बाटली स्केचपुरती.

आणि पाऊस! जुलैत नौपाड्यातल्या आमच्या घरात कागद हाताला थंड लागायला लागला की मी समजते, आज शाई फुटणार. रेघेच्या दोन्ही बाजूंनी कोळ्याच्या पायांसारखे केस फुटतात आणि जी निबची सगळी धार वाया जाते. मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद ठेवते आणि बसायच्या आधी पाठीमागून, सुती कापड घालून, मंद इस्त्री फिरवते. तेवढ्याने दोनेक तास नीट काम होतं. निबही गंजतात, म्हणून पुसून खोबरेल तेलाचं बोट लावून ठेवायच्या. वापरण्याआधी ते तेल भांड्याच्या साबणाने काढायला विसरू नका. कोऱ्या करकरीत निबवरही कारखान्यातलं तेल असतं, त्यामुळे शाई थेंबाथेंबाने गोळा होते. नवशिके निब खराब निघाली म्हणून टाकून देतात. मीही दोन टाकल्या होत्या.

बोरूकडे, म्हणजे टोक तिरपं कापलेल्या काडीच्या लेखणीकडे, वळले ते अक्षरांसाठी. निबची रेघ दाबाने जाड होते, बोरूची दिशेने. हात कितीही दाबा, जाडी टोकाच्या कापावर आणि रेघ कुठे वळते यावर ठरते. म्हणून माणसाच्या गालाची गोलाई बोरूने काढली की नको तिथे बारीक होते आणि चेहरा आजारी दिसतो. पण 'धप्प', 'सपक', 'खळ्ळ' असे आवाज बोरूने लिहून बघा. शिरोरेघ एका ओढीत येते, काना ठाम उतरतो, आणि शाई संपत आली की अक्षराच्या पोटात पांढरे ओरखडे पडतात. होडी धक्क्याला आपटते त्या पॅनलमधला 'धप्प' मी अकरा वेळा लिहिला. अकरावा चिकटवला. कॉम्प्युटरवरच्या फाँटने हे होणार नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते.

ब्लेडने शाई लावायच्या कल्पनेचं श्रेय माझं नाही. अर्जेंटिनात काम करणारे कॉमिक चित्रकार आल्बेर्तो ब्रेच्चिया १९६२ साली सुरू झालेल्या 'मॉर्ट सिंडर' या कॉमिकच्या काळातच दाढीच्या ब्लेडने शाई लावत होते. मी दोन्ही करते: ब्लेडची कड शाईत बुडवून पावसाच्या सरळ रेघा मारते, आणि वाळलेला काळा भाग खरवडून पांढरं काढते. खरवडायला कागद चांगला हवा. स्वस्त आयव्हरी कार्डाची लव निघते आणि तिथे पुन्हा शाई लावली की फुटते. नखाने घासून ती जागा दाबून घेतली तर थोडंफार निभावतं.

टूथब्रशचे शिंतोडे आणि मेणबत्ती घासून वर शाई, हे दोन्ही केलं आणि सोडलं. छपाईत पान लहान होऊन मूळच्या साधारण दोन तृतीयांशावर येतं, बारीक शिंतोडे त्यात गायब होतात. काडीच्या कोरड्या पोतालाही हाच धोका आहे. स्कॅनर थेट काळ्या-पांढऱ्यावर ठेवला तर अर्धा पोत उडतो. ६०० डीपीआयला ग्रेस्केल (मधल्या राखाडी छटांसह) स्कॅन करा आणि काळं किती ठेवायचं ते नंतर, प्रत्येक पानाचं वेगळं, डोळ्यांनी ठरवा.

मैत्रिणीच्या आजी कोळीवाड्यातल्या. फेब्रुवारीत त्यांना पानं दाखवली. मुळांवरून बोट फिरवत म्हणाल्या, ही आमच्याच खाडीची. मग विचारलं, "पण पानी कुठं गेलं? ओहोटीला मुळाच्या बुडाशी पानी ऱ्हातं थोडं, उन्हात चमकतं." मी शनिवारी सकाळी जाऊन बघितलं. खरंच, प्रत्येक मुळाच्या बुडाशी नखाएवढं चकाकणारं पाणी होतं. परत येऊन सात पानांवर, मुळागणिक एक, ब्लेडने ते पांढरं खरवडलं. चार संध्याकाळ गेल्या.

आता एकविसाव्या पानावर आहे. उरलेल्या पानांत बहुतेक माणसं आणि चेहरे आहेत, म्हणून टेबलावर पुन्हा जी निब आली आहे. हिरांची जुडी डब्यात आहे, कारण शेवटच्या पानावर पुन्हा ओहोटी लागते.