अर्धवट विमानाचे किट आणि कोरे लॉगबुक : एका फसवणुकीचा अनुभव

दुसऱ्या कोणीतरी अर्धवट सोडलेले विमानाचे किट (स्वतः जोडायच्या सुट्या भागांचा संच) विकत घेऊन ते पुरे करण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी पैसे पाठवण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठीच मी तो लिहीत आहे. मी ओहायो राज्यात राहतो, व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनीअर आहे आणि माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांचे विमान २०१६ साली मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले, तेव्हापासून माझ्या ओळखीच्या मराठी मंडळींत या विषयाची चौकशी सतत होत असते. त्यांपैकी एक स्नेही सध्या नेमके असेच अर्धवट किट घेण्याच्या बेतात आहेत, हे कळल्यावर हे लिहिणे लांबणीवर टाकू नये असे वाटले.

ज्यांना या क्षेत्राची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिकेत हौशी माणसाने बांधलेल्या विमानाला फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, ‘प्रायोगिक’ वर्गात उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र देते. त्यासाठीची मुख्य अट अशी, की विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग केवळ शिक्षण किंवा हौस म्हणून काम करणाऱ्या व्यक्तींनी केलेला असला पाहिजे. बांधणारे याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. काम एकाच हौशी माणसाने केले पाहिजे असे बंधन नाही. एकाने शेपटी बांधली, दुसऱ्याने पंख बांधले, तिसऱ्याने ते पुरे केले, तरी चालते. पैसे घेऊन काम करणाऱ्या कारागिराने केलेला भाग मात्र या हिशेबात धरला जात नाही. म्हणूनच बांधणीची छायाचित्रे, तारखा आणि पावत्या जपून ठेवलेली नोंदवही ही विमानाइतकीच मोलाची असते, आणि माझ्या बाबतीत फसवणूक झाली ती प्रामुख्याने याच कागदांच्या आधारे.

कंपनी बुडाल्यामुळे होणारे नुकसान हा या छंदातला वेगळा धोका आहे. १९७० च्या दशकात बीडी-५ या छोट्या विमानाची किट हजारो लोकांनी घेतली. इंजिन पुरवणारी हिर्थ ही जर्मन कंपनी १९७४ मध्ये बुडाली आणि असंख्य ग्राहकांकडे इंजिनाविना धड व पंख पडून राहिले. अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये, व्हॅन्स एअरक्राफ्ट या मोठ्या किट कंपनीने दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली न्यायालयाचे संरक्षण मागितले, तेव्हा आगाऊ रक्कम भरलेल्या अनेकांना वाढीव किमतीचा नवा करार स्वीकारावा लागला. अशा प्रसंगी निदान काय घडले हे सर्वांना दिसते. खासगी विक्रेत्याकडून होणारी फसवणूक पत्र्याच्या आत आणि लॉगबुकाच्या, म्हणजे इंजिनाच्या वापराच्या व दुरुस्तीच्या नोंदवहीच्या, पानांत दडलेली असते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

मला मिळालेला प्रस्ताव दक्षिणेकडील एका राज्यातल्या विक्रेत्याचा होता. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, रिव्हेट (ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्या) मारून जोडायचे दोन आसनी विमान. शेपटी पूर्ण, दोन्ही पंख पूर्ण करून पत्र्याने बंद केलेले, धड उभे राहिलेले, आणि सोबत लायकमिंगचे ओ-३२० हे १५० अश्वशक्तीचे इंजिन, तेही ‘ओव्हरहॉल केलेले, शून्य तासांचे’, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त केल्यानंतर अजून न चाललेले. हे सर्व काम आपण आणि आपल्या वडिलांनी मिळून केले, वडील आता अंथरुणाला खिळले आहेत आणि उपचारांचा खर्च भागवण्यासाठी विकावे लागत आहे, असे त्याने सांगितले. छायाचित्रांनी भरलेल्या दोन जाडजूड फाइली त्याने पुढे ठेवल्या. एकूण किंमत ४६,००० डॉलर ठरली. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल नेताना, दोन्ही बँकेच्या वायर ट्रान्सफरने द्यायची, असा त्याचा आग्रह होता. वायरने गेलेले पैसे परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. तिऱ्हाइताकडे रक्कम ठेवून तपासणीनंतर ती सोडण्याची सोय विमान खरेदीत सर्रास वापरली जाते, पण तिचा विषय काढताच ‘दुसरे गिऱ्हाईक शनिवारी येत आहे’ हे उत्तर तयार होते.

आता जे सांगतो ते नीट लक्षात घ्यावे, कारण ही युक्ती अतिशय पद्धतशीर होती. इंजिन लाकडी खोक्यात होते आणि त्याच्या स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे, आतल्या रंगीत खड्यांवरून कोरडेपणा दाखवणारे प्लग बसवलेले होते. वापरात नसलेले इंजिन असेच ठेवतात, त्यामुळे ते पाहून कोणालाही विश्वास वाटतो. बोरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा, आत घालून पाहण्याची इच्छा मी व्यक्त केली, तेव्हा प्लग काढले तर आत दमट हवा शिरेल, सिलिंडरना गंज लागेल आणि माझ्याच इंजिनाचे नुकसान होईल, असे त्याने मोठ्या काळजीच्या सुरात सांगितले. हे धादांत खोटे होते. ते प्लग तपासणीसाठी काढून पुन्हा बसवता येतात. अर्ध्या तासाच्या तपासणीने इंजिनाला काहीही होत नाही. पंखांचेही तसेच. ते घोडीवर अशा रीतीने उभे केले होते, की तपासणीची झाकणे असलेली खालची बाजू भिंतीकडे राहील, आणि पुढे इतके सामान रचलेले होते की ते फिरवणे जवळपास अशक्य व्हावे.

माल घरी आणल्यावर मी एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनच्या स्थानिक शाखेतील तांत्रिक सल्लागाराला बोलावले. ही संस्था १९५३ पासून हौशी विमान बांधणाऱ्यांसाठी काम करते, आणि तिचे सल्लागार स्वतः विमाने बांधलेले, अनुभवी लोक असतात. ते घरी येऊन काम पाहतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. आलेले गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी आधी पंखांना हात लावला नाही; फाइल उघडली आणि भिंग घेऊन छायाचित्रे पाहत बसले. एका छायाचित्रात मुख्य स्पारवर, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब तुळईवर, चिकटवलेली कंपनीची चिठ्ठी दिसत होती आणि तिच्यावरचा किट क्रमांक विक्रीपत्रातल्या क्रमांकाशी जुळत नव्हता. मग त्यांनी दाखवले, की पंखांच्या छायाचित्रांतले गॅरेज आणि शेपटीच्या छायाचित्रांतले गॅरेज एक नाही. एकात खिडकी आहे, दुसऱ्यात ती नाही. पंखांची छायाचित्रे कोणा दुसऱ्याच माणसाच्या विमानाची होती.

त्यानंतर झाकणे काढून बोरस्कोप आत घातला. एक अष्टमांश इंची रिव्हेट योग्य बसला असेल, तर त्याच्या आतल्या बाजूचे ठोकलेले डोके रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतके उंच, म्हणजे साधारण तीन सोळांश इंच रुंद आणि एक सोळांश इंच उंच हवे. येथे ओळीच्या ओळी चपट्या, कलंडलेल्या आणि काही ठिकाणी तडा गेलेल्या होत्या. रिव्हेट काढून पुन्हा मारता येतात. ते काम कंटाळवाणे असले तरी होते. गंभीर दोष मागच्या स्पारमध्ये होता. पंख धडाला एकदा जोडून पाहताना पाडलेले बोल्टचे छिद्र स्पारच्या कडेला फार जवळ गेले होते. छिद्राच्या मध्यापासून कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट अंतर ठेवावे, हा विमान बांधणीतला प्राथमिक नियम आहे. ५/१६ इंची बोल्टसाठी ते ५/८ इंच येते. ते अंतर कमी पडले, तर भार आल्यावर धातू कडेकडून फाटू शकतो, आणि पंख धडाला जिथे धरलेला असतो तिथे हे घडणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. तो सुटा भाग नवा करण्यावाचून इलाज नव्हता.

किट बनवणाऱ्या कंपनीला माझ्या किटचा क्रमांक कळवल्यावर तिने तत्परतेने मूळ खरेदीदाराशी माझा संपर्क करून दिला. त्या सज्जन माणसाने फक्त शेपटी बांधली होती आणि बाकी पेट्या न उघडता विकल्या होत्या. पंख आणि धड विक्रेत्याने एका कारागिराला पैसे देऊन घाईने बांधून घेतले होते, हे पुढे पत्रव्यवहारातून उघड झाले. वडिलांसोबत बांधल्याची कहाणी त्यासाठीच रचलेली होती, कारण मोबदला देऊन बांधलेले पंख एक्कावन्न टक्क्यांच्या हिशेबात धरले जात नाहीत आणि प्रमाणपत्राचीच वाट बंद होऊ शकते. मोडतोड दुरुस्त करता येते, पण ज्याने काम केले त्याची खोटी ओळख एफएएच्या तपासनिसापुढे खरी म्हणून मांडता येत नाही, आणि मांडूही नये.

इंजिनाची गोष्ट याहून भयंकर आहे. त्याचे लॉगबुक कोरे करकरीत होते. पहिल्याच पानावर ओव्हरहॉलची नोंद, एका कार्यशाळेचा शिक्का, आणि पुढे ‘शून्य तास’. येथेच कोणीही सावध व्हावे. जुना इतिहास मागे टाकून शून्यापासून नवे लॉगबुक सुरू करण्याची मुभा एफएएच्या नियमांनी फक्त उत्पादकाने, किंवा उत्पादकाने मान्य केलेल्या संस्थेने, पुनर्बांधणी केलेल्या इंजिनाला दिलेली आहे. इतर कोणत्याही कार्यशाळेने कितीही उत्तम ओव्हरहॉल केला तरी इंजिनाचे आधीचे एकूण तास पुसले जात नाहीत. जुनी लॉगबुके सोबत असलीच पाहिजेत. जुनी लॉगबुके वडिलांच्या घरी पुरात वाहून गेली, असे मला सांगण्यात आले होते.

लॉगबुकावर ज्या कार्यशाळेचा शिक्का होता तिला मी दूरध्वनी केला. कामाचा जो क्रमांक लिहिला होता तशा पद्धतीचे क्रमांक त्यांच्याकडे वापरतच नाहीत, असे तेथील मालकाने सांगितले. मात्र इंजिनाचा अनुक्रमांक ऐकताच त्यांनी जुनी कागदपत्रे काढली. ते इंजिन त्यांच्याकडे खरोखर आले होते. एका विमानाचा फिरता प्रोपेलर जमिनीवर आपटल्यानंतर, खर्चाच्या अंदाजासाठी. अंदाज ऐकून विमानाच्या मालकाने काम नाकारले आणि इंजिन परत नेले. म्हणजे शिक्का खोटा, आणि आपटल्याची हकिकत लपवलेली.

प्रोपेलर आपटणे ही किरकोळ बाब नव्हे. लायकमिंग इंजिनात क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला बसवलेल्या एका गिअरवरून कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा), दोन्ही मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रे) आणि तेलाचा पंप असे सगळे चालते. प्रोपेलर आपटून इंजिन झटक्यात थांबले, की त्या गिअरच्या जोडावर, त्याच्या बोल्टवर आणि पिनवर जबर ताण येतो. तो जोड पुढे उड्डाणात सुटला, तर इंजिन पूर्णपणे बंद पडते. म्हणूनच एफएएचा २००४-१०-१४ क्रमांकाचा आदेश अशा प्रसंगानंतर त्या जोडाची तपासणी आणि बोल्ट बदलणे बंधनकारक करतो. परवानाधारक मेकॅनिककडून मी इंजिन उघडून घेतले, तेव्हा गिअर जिथे बसतो तिथे घासल्याच्या खुणा स्पष्ट होत्या आणि जुना बोल्ट तसाच होता. कॅमशाफ्टही गंजाने खरवडलेला निघाला. या इंजिनांत तो वरच्या बाजूस असल्यामुळे इंजिन वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते. बाहेरून मात्र सगळ्यावर ताजा, चकचकीत रंग होता. या माणसाने पैसे उकळले याबद्दल मला राग आहेच, पण ज्या इंजिनामागे माझी मुलगी माझ्या शेजारी बसली असती ते इंजिन त्याने जाणूनबुजून असे रंगवून विकले, हे मी विसरू शकत नाही.

पोलिसांनी प्रकरण दिवाणी असल्याचे सांगून हात वर केले. विक्रीपत्रात ‘आहे त्या स्थितीत’ असे वाक्य होते आणि विक्रेता त्याचाच आधार घेत राहिला. परंतु ते वाक्य जाणीवपूर्वक सांगितलेल्या खोट्याला संरक्षण देत नाही, अशी माझ्या वकिलांची भूमिका होती. कार्यशाळेचे लेखी निवेदन, न जुळणाऱ्या क्रमांकाची छायाचित्रे आणि विक्रेत्याचे ईमेल एकत्र करून नोटीस पाठवल्यावर त्याने १५,००० डॉलर परत केले. खटला लढवण्याचा खर्च उरलेल्या रकमेच्या फार जवळ जात होता, म्हणून तेथेच थांबावे लागले. लॉगबुकातील खोट्या नोंदीची तक्रार मी एफएएच्या जिल्हा कार्यालयात स्वतंत्रपणे केली आहे. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी सर्व बोलणे ईमेलनेच करावे. माझ्याकडे जे काही परत आले ते केवळ ‘ओव्हरहॉल मीच करून घेतला’ हे वाक्य त्याने लिहून पाठवले होते म्हणून.

माझ्या स्नेह्यांना मी हेच कळवले आहे, की अर्धवट किटची नोंदणी झालेली नसते, त्यामुळे तयार विमानाप्रमाणे ओक्लाहोमा सिटीतील एफएएच्या दप्तरात त्याच्या मालकीचा शोध घेता येत नाही. किट क्रमांक कंपनीला विचारणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्याला एक ईमेल पुरतो. शिक्का ज्या कार्यशाळेचा असेल तिला विचारणेही एका दूरध्वनीचे काम आहे, मात्र क्रमांक लॉगबुकातला न घेता स्वतः शोधलेला असावा. विक्रेत्याच्या गावाजवळच्या शाखेतील तांत्रिक सल्लागाराला सोबत नेता येते. कोणी प्लग काढू देत नसेल, पंख फिरवू देत नसेल, तर कारण कितीही सयुक्तिक वाटो, रक्कम देऊ नये.

इंजिन दुरुस्त करण्याचा नाद मी सोडला. तडजोडीत विक्रेत्याने ते परत मागितले होते, पण मी दिले नाही, कारण नवे कोरे लॉगबुक घेऊन ते पुन्हा बाजारात आले असते. मेकॅनिकने प्रोपेलर आपटल्याची आणि तपासणीत आढळलेल्या दोषांची नोंद लॉगबुकात केली, क्रँकशाफ्ट बाद ठरवून कापून टाकला, आणि उरलेले सुटे भाग त्या कागदांसह एका ओव्हरहॉल कार्यशाळेला भंगाराच्या किमतीत विकले. पंखांचे रिव्हेट मी काढत आहे. मागच्या स्पारचे नवे भाग कंपनीकडून आले आहेत, आणि माझ्या हाताने होणाऱ्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र त्या दिवसाच्या तारखेसह वहीत लागत आहे. या विमानाला हौशी बांधणीचे प्रमाणपत्र मिळेल की नाही, याचा निर्णय तपासनीस ती वही पाहून करतील.