मायोसायटिसची 'जनुकीय जोखीम' तपासणी: सांगली-मिरजेत पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

सांगली-मिरजेत रक्त द्यायला लांब जावं लागत नाही. विश्रामबाग घ्या, नाहीतर मिरजेतली दवाखान्यांची गर्दी घ्या, कलेक्शन सेंटर हाकेच्या अंतरावर असतं. साखर, थायरॉइड इथेच होतं; महागड्या तपासण्यांचा नमुना मात्र बहुधा मोठ्या शहरातल्या लॅबकडे रवाना होतो. हल्ली थुंकीवरून किंवा रक्तावरून 'ऑटोइम्यून जोखीम' सांगणारी पॅकेजंही विकायला आहेत. घरात कुणाला मायोसायटिस, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे स्नायूंना सूज आणणारा आजार (डर्मॅटोमायोसायटिस, पॉलिमायोसायटिस किंवा त्यांच्या भाऊबंदांपैकी काही) निघाला, की बाकीच्यांनी हे पॅकेज घ्यावं का, असं विचारलं जातंच. निरोगी माणसाने घेऊ नये. पाचपैकी एक तारा, तोही छपाईला.

यामागचं विज्ञान खोटं नाही. सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए भाग (प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणारी जनुकं) हाच या आजारांचा सर्वांत ठळक जनुकीय धागा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात युरोपीय वंशाच्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांत तेच पुन्हा दिसलं. त्या लोकांत एचएलएच्या ए१-बी८-डीआर३ या प्रकारांचा संच एकगठ्ठा वारशाने उतरतो आणि जो-१ ही अँटिबॉडी (स्वतःच्याच पेशींवर उलटणारं प्रथिन) असलेल्या रुग्णांत तो विशेष आढळतो. भारतात बी८-डीआर३ सापडतो तो बऱ्याचदा ए१ ऐवजी ए२६ च्या जोडीने. पीटीपीएन२२ या जनुकातला युरोपात गाजलेला बदल तर आपल्याकडे विरळाच. तिकडच्या आकड्यांवर बेतलेला पॅकेजमधला जोखीम-स्कोअर सांगलीच्या माणसाला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात घालणं. हा स्कोअर कोणत्या लोकसमूहावर पडताळला, हे सेंटरला विचारा. उत्तर न आल्यास पैसे खिशातच ठेवा.

शिवाय 'धोका तिप्पट' वाचून घाम फुटतो तो उगाच. समजा एखादा आजार दहा हजारांत एकाला होतो. तिप्पट म्हणजे दहा हजारांत तिघांना. उरलेल्या ९,९९७ जणांची झोप फुकट गेली. डीआर३ हा काही एकट्या मायोसायटिसचा नाही. टाइप १ मधुमेह, सीलिअॅक, ल्युपस यांच्याशीही त्याचं नातं आहे. आणि जोखीम कळली तरी आजार टाळणारं औषध किंवा लस नाही.

डॉक्टरांनीच एचएलए टायपिंग (आपल्यात एचएलएचे कोणते प्रकार आहेत ते पाहणं) सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गफलत होते ती नावात. काउंटरवर 'एचएलए' म्हटलं की पावती फाटते एचएलए-बी२७ ची, कारण कंबरदुखीसाठी तीच रोज होते. बी२७ चा संबंध अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या आजाराशी. मायोसायटिसमध्ये ती निगेटिव्ह आली तरी काहीच कळत नाही. चिठ्ठीवर ए, बी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ अशी जनुकांची ठिकाणं लिहून घ्या. सोबत 'हाय रिझोल्यूशन' हा शब्दही हवा. लो रिझोल्यूशनमध्ये नुसतं डीआरबी१*०३ येतं, ०३:०१ की ०३:०२ ते कळत नाही. नमुना जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, साधारण ३ ते ४ मिली. हिरव्या टोपणाची हेपरिन ट्यूब नको, हेपरिनमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) अडतो. रक्त फ्रीझरमध्ये गोठवायचं नाही. उन्हाळ्यात ट्यूब दिवसभर टेबलावर पडून राहण्यापेक्षा गाडी निघायच्या थोडं आधी रक्त दिलेलं बरं. उपाशी राहायची गरज नाही. स्टेरॉइड चालू असलं तरी डीएनए बदलत नाही, पण नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर आधी सांगा. असं एचएलए टायपिंग: पाचपैकी अडीच. बहुतेक वेळा उपचार त्याने बदलत नाहीत.

खरे पैसे वसूल होतात मायोसायटिस अँटिबॉडी ब्लॉटमध्ये (रक्तातल्या अँटिबॉडी पट्टीवर रेघांनी दाखवणारी तपासणी). ही जनुकीय तपासणी नव्हे, पण आजार कुठल्या वाटेने जाईल हे जनुकांपेक्षा तीच जास्त सांगते. त्यात एमडीए५ (एक अँटिबॉडी) निघाला तर फुफ्फुसांकडे तातडीने पाहायचं. मोठ्या माणसात टीआयएफ१-गॅमा निघाला तर कॅन्सर शोधायचा. नेहमीच्या सोळा प्रतिजनांच्या (अँटिबॉडी ज्यांना चिकटतात त्या प्रथिनांच्या) पट्टीत एचएमजीसीआर नसतो, तो वेगळा मागवावा लागतो. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी बंद करूनही अशक्तपणा वाढत असेल तर हा हवाच. (डीआरबी१*११:०१ चं नातं याच अँटिबॉडीशी. स्टॅटिनच्या साध्या स्नायूदुखीसाठी पाहतात तो एसएलसीओ१बी१ हा जनुक निराळा. दोन्हींची सरमिसळ सर्रास होते.) 'वीक पॉझिटिव्ह' रेघेवर विश्वास टाकू नका, अशा रेघा निरोगी माणसातही उमटतात. एएनए (मुख्यतः केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आहे म्हणून ब्लॉट रद्द करणंही चूक, कारण जो-१ पेशीद्रवात चमकतो, केंद्रकात नाही. चार तारे.

सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ही तपासणी स्वस्त आणि इथेच होणारी, पण ती ईएमजीच्या (स्नायूत सुया घालून करायच्या तपासणीच्या) आधी द्या. सुया, स्नायूतलं इंजेक्शन, जड व्यायाम यांनी आकडा फुगतो. यकृताच्या तपासणीतलं एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं पाहून महिनोन्महिने काविळीची औषधं खाणारे पेशंट असतात. ही एन्झाइम्स स्नायूतूनही येतात, तेव्हा सोबत सीपीके पाहिलीच पाहिजे.

आता एक जनुकीय तपासणी अशी, की जी खरोखर करावी आणि नेमकी तीच राहून जाते. पंधरा ते तीस वयात पाय हळूहळू लुळे पडतात, सीपीके काही हजारांत जाते, बायोप्सीत दाह दिसतो, 'पॉलिमायोसायटिस' असं नाव पडतं आणि स्टेरॉइड सुरू होतं. उतार काही पडत नाही. साखर आणि वजन तेवढं वाढतं. यातले काही रुग्ण डिस्फर्लिनोपथीचे असतात. हा डीवायएसएफ जनुकाचा आजार आहे, दाह त्यात दुय्यम. ओळखीची खूण म्हणजे चवड्यांवर उभं राहता न येणं, अंगावर पुरळ नसणं आणि अँटिबॉडी ब्लॉट कोरा येणं. आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत यावी लागते, म्हणून नात्यातल्या लग्नात शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी सोयरीक आपल्याकडे नवी नाही, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं तर लाजून लपवू नका. यासाठी एचएलए किंवा जोखीम-स्कोअर काही कामाचा नाही. चिठ्ठीवर 'मस्क्युलर डिस्ट्रॉफी जीन पॅनल' (जनुकदोषाने स्नायू झिजणाऱ्या आजारांची एकत्र तपासणी) लिहून घ्या आणि जनुकांच्या यादीत डीवायएसएफ आहे ना, ते पैसे भरण्याआधी पाहा. पेशंटमध्ये दोन बदल सापडले तर ते वेगवेगळ्या पालकांकडून आलेत का, हे ठरवायला आई-वडिलांचे नमुने लागतात. त्यांचे पैसे पॅकेजमध्येच धरलेत की वेगळे, तेही तेव्हाच विचारून ठेवा.