विवाल्डीचं फोर सीझन्स: आजच्या व्हायोलिनवर ऐकावं की तातीच्या?

फोर सीझन्स म्हणजे विवाल्डीचे चार ऋतूंवरचे चार व्हायोलिन कॉन्चेर्टो, एक सोलो व्हायोलिन आणि त्याला वाद्यवृंदाची साथ. ते घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतो, कोणाचं? रेकॉर्डिंग्ज ढिगाने आहेत पण ऐकायला लागलं की सरळ दोन गट पडतात. एक आजच्या व्हायोलिनवरचं, आवाज भरदार, गोल, प्रत्येक लांब सुरावर कंपन. दुसरं जुन्या पद्धतीचं, आतड्याच्या तातीच्या तारा, जुन्या घडणीचा बो (गज), मोजके वादक आणि पट्टी बहुतेक वेळा अर्धा स्वर खाली. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही भरपूर ऐकलीत.

सुरुवात माझी पहिल्या गटातूनच झाली आणि त्याबद्दल वाईट काही बोलवत नाही. व्हायोलिनवादक फेलिक्स आयोने इ म्युझिची या वाद्यवृंदाबरोबर 1959 मध्ये केलेलं रेकॉर्डिंग अजूनही काढून ऐकतो, विशेषतः विंटरचा मधला भाग. बाहेर पाऊस पडतोय, म्हणजे बाकीची व्हायोलिनं बोटाने तार छेडतायत, आणि आत शेकोटीपाशी निवांत बसलेल्या माणसासारखं सोलो व्हायोलिन गातंय. ती चाल अशी भरल्या आवाजात फार सुंदर लागते.

माझं अडलं ते स्प्रिंगमध्ये. दुसऱ्या भागात कुरणात शेळ्या राखणारा झोपलाय, सोलो व्हायोलिन म्हणजे त्याची झोप, इतर व्हायोलिनं म्हणजे पानांची सळसळ, आणि व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी, खालच्या आवाजाची) म्हणजे त्याचा कुत्रा, दोन-दोन सुरांचं भुंकणं, भाग संपेपर्यंत तेच. चेलो नाही, हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) नाही, खाली काहीच नाही, त्यामुळे व्हायोला झाकली जायचा प्रश्नच येत नाही. विवाल्डीने तिच्यावर लिहूनच ठेवलंय की सतत खूप जोरात आणि ओरबाडल्यासारखं वाजवायचं. आता माझ्याकडची जी मॉडर्न सीडी मी सगळ्यात जास्त ऐकली तिच्यात ही व्हायोला इतकी मऊ वाजते की कित्येक वर्षं मला ती नुसती साथ वाटत होती, तिथे कुत्रा आहे हे मला नोटेशन बघितल्यावर कळलं! 1725 मध्ये हे कॉन्चेर्टो छापले तेव्हा प्रत्येक ऋतूबरोबर एक सॉनेट (चौदा ओळींची कविता) दिलेलं होतं, कुठे काय चाललंय ते ओळीओळीने सांगणारं. एवढं सगळं सांगून ठेवलेलं असताना कुत्र्याला गप्प करणं मला काही पटेना, आणि एकदा ते खटकलं की दर वेळी खटकतंच.

मग तातीचं ऐकलं. बो तारेला लागल्याबरोबर आवाजाला एक खर येतो, चावा येतो, आणि कुत्रा खरंच भुंकतो. सारंगी ऐकलेल्या कानाला तर हा आवाज परका वाटूच नये, तिच्याही मुख्य तारा तातीच्याच.

अर्थात तातीचं सगळंच चांगलं असं नाही. काही ग्रुप समरमधलं वादळ इतकं पळवतात की गारा वेगळ्या ऐकूच येत नाहीत, सगळा एक गोंगाट होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आवाज थोडा कोरडाही वाटेल. गाडीत लावायला किंवा घरात मागे चालू ठेवायला मॉडर्नच बरं पडेल कदाचित. पण बसून ऐकणार असाल तर मी व्हायोलिनवादक फाबिओ बिओन्दीचं किंवा एनरिको ओनोफ्रीने इल जार्दिनो आर्मोनिको या ग्रुपबरोबर केलेलं सुचवेन, दोन्ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. ऑटमचा मधला भागही तिथे नक्की ऐका, दारू पिऊन झोपलेली माणसं आहेत, विवाल्डीने हार्पसिकॉर्डला फक्त एकत्र येणारे सूर एकामागून एक मोकळे करत वाजव एवढंच सांगितलंय, त्यामुळे प्रत्येक वादक तिथे आपलं काहीतरी वेगळं करतो.

घेण्याआधी हेडफोन लावून स्प्रिंगचा तो दुसरा भाग तेवढा ऐकून बघा, दोन-तीन मिनिटांचा असतो. कुत्रा आवडला तर पुढे त्याच काळातला संगीतकार टेलेमान याचा बेडकांचा कॉन्चेर्टो आहेच, त्यात सोलो व्हायोलिन एकच सूर दोन तारांवर आळीपाळीने वाजवतं आणि त्यातून डराव डराव उमटतं, मला तरी ते तातीवर जास्त खरं वाटतं.