लिटल जोची जुनी तबकडी: कापूस वेचणाऱ्यांच्या घरातला बँड

अमळनेरात लग्नाच्या बँडमध्ये मी बावीस वर्षं ट्रंपेट वाजवतोय. लगीनसराई संपली की घरच्या तीन बिघे कोरडवाहूत कापूस. ही रेकॉर्ड मी या दोन्ही कानांनी ऐकली.

टेक्सासच्या 'लिटल जो ई ला फामिलिया' या बँडची 1972 सालची 'पारा ला हेन्ते', म्हणजे 'लोकांसाठी'. वापरलेली मागवली. पाकिटाचा कोपरा ओल लागून फुगलेला निघाला, विकणाऱ्याने तसं आधी सांगायला हवं होतं. तबकडी मात्र सरळ आहे. दुसऱ्या बाजूला सुरुवातीला थोडी चरचर, पुढे स्वच्छ.

लिटल जो म्हणजे होसे मारिया दे लिऑन एर्नांदेस. जन्म 1940, गाव टेंपल. तेरा भावंडं, आणि सगळं घर कापूस वेचायला जायचं. टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या, म्हणजे तेहानो लोकांत तेव्हा मजुरांचं संगीत अकॉर्डियन आणि बारा तारांच्या बाहो सेक्स्तो या गिटारसारख्या वाद्यावर चालायचं. ठेका पोल्का या दोन मात्रांच्या नाचाचा, तिकडे वस्ती केलेल्या जर्मन-चेक लोकांकडून आलेला. जो चुलतभावाच्या 'लॅटिनेअर्स' बँडमध्ये शिरला आणि पुढे तोच म्होरक्या झाला. 1964 मध्ये बँडमधलाच भाऊ जेसी मोटार अपघातात गेला. तरी बँड मोडला नाही. 1970 मध्ये सुटाबुटातला 'लॅटिनेअर्स' जाऊन 'ला फामिलिया' झाला, म्हणजे 'कुटुंब'. आमच्याकडेही बँड म्हणजे काका-पुतणेच असतात, म्हणून हे नाव मला फार जवळचं वाटलं.

आता वाजवण्याबद्दल. ट्रंपेटवर टोनी 'हॅम' गरेरो आहे. पोल्काचा 'धम्-चक' चालू असतो, मधेच सगळा ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा ताफा, जॅझच्या अंगाने पसरतो आणि परत नेमक्या मात्रेवर ठेक्यात येऊन बसतो. ती परतीची जागा उतरवायला मी एका रात्रीत चाळीसेक वेळा सुई मागे नेली. वहीत सरगम लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. श्वास कुठे घेतात तेच सापडत नव्हतं. शेवटी कळलं, दोघं ट्रंपेटवाले आळीपाळीने घेत असावेत. आमच्या पोरांना मी आता तसंच शिकवतोय.

'लास नुबेस', म्हणजे ढग, हे गाणं शेतमजुरांच्या चळवळीने आपलं मानलं. जो आणि जॉनी हे भाऊ जोडीने गातात. वरून जाणारे ढग गाणं ऐकून थबकतात आणि झिमझिमतात, असा भाव आहे. कोरडवाहूवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आषाढात आम्ही त्याच ढगांची वाट बघतो, आणि दिवाळीला बोंडं फुटलेली असताना ते आले की पोटात गोळा येतो.

वेचणीला आलेल्या बायांना हे मोबाईलवर ऐकवलं. एका मावशीने ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करता करता विचारलं, "दादा, हाई कोनता मुलुखनं गानं शे?" म्हटलं, "तठला बी कापूस येचनारा शेतस." तिने ते गाणं आणखी दोनदा लावायला लावलं.

बँडवाल्यांनी घ्यावीच. निव्वळ ऐकायची असेल तर मोबाईलवरही चालेल. पण वाजवायला शिकायचं असेल तर तबकडीच घ्या, आणि पैसे देण्याआधी पाकिटाचे फोटो चारही बाजूंनी मागा.