टेबलावरचे मॉर्टायझर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कारखान्यात सागवानी खुर्च्या आणि दारांच्या चौकटी होतात. कुसू (जोडायच्या लाकडाचे खाचेत बसणारे टोक) बसवायची खाच पूर्वी पटाशी-मोगरीने पाडली जात असे. आठ महिन्यांपूर्वी त्यासाठी अर्ध्या अश्वशक्तीचे मॉर्टायझर घेतले. यात पोकळ चौकोनी पटाशीच्या आत गिरमिट फिरते. ते लाकूड पोखरते आणि पटाशी कोपरे तासते.

सोबत आलेली १२ मिमीची पटाशी इतकी बोथट होती की पहिल्याच खाचेतून धूर निघाला. आतली उतरती कड शंकूच्या आकाराच्या सहाणेने घासून घेतल्यावर ती कापू लागली. बाहेरच्या बाजू मात्र दगडावर जेमतेम फिरवाव्यात, नाहीतर पटाशीचे मापच बदलते. गिरमिट आणि पटाशीची धार यांत फट हवी, अन्यथा दोन्ही एकमेकांवर घासून तापतात. त्यासाठी पटाशी बसवताना तिच्या खांद्यावर (वरच्या जाड भागाच्या पायरीवर) रुपयाचे नाणे ठेवून ती तात्पुरती आवळावी, गिरमिट पटाशीला टेकेपर्यंत वर ढकलून पक्के करावे, आणि मग नाणे काढून पटाशी पूर्ण वर सरकवावी.

पटाशीची बाजू मागच्या आधारपट्टीशी समांतर आहे ना, हे गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून पाहण्याचा कंटाळा मी एकदा केला आणि सहा खुर्च्यांच्या पायांतील खाचांच्या भिंती करवतीच्या दातांसारख्या झाल्या. आता आधी खाचेची दोन्ही टोके, मग मधले एकाआड एक चौकोन आणि शेवटी उरलेले भाग, असाच क्रम ठेवतो, कारण एका बाजूला पोकळी असली की पटाशी तिकडे ओढली जाते.

यंत्राची खरी उणीव म्हणजे लाकूड दाबून धरणारा पंजा. पटाशी वर घेताना चौकटीचा खांबच तिच्यासोबत उचलला गेला आणि माझ्या पायावर पडता पडता वाचला, तेव्हापासून वेगळा शिकंजा लावल्याशिवाय मोटार सुरू करत नाही. हातमोजे घालून कोणालाही यंत्रापाशी उभे राहू देत नाही, चष्मा सक्तीचा आहे, छिलपे मोटार थांबल्यावर ब्रशनेच काढायचे आणि पटाशी बदलताना प्लग काढायचा. खोल खाचेत दर १० मिमीला पटाशी खालीवर करणारा दांडा वर घेतल्यास छिलपे अडकत नाहीत.

संचात १६ मिमीची पटाशीही आहे, पण ती या मोटारीला झेपत नाही. म्हणून चौकटीची २४ मिमी रुंद खाच मी १२ मिमीच्या पटाशीनेच दोन ओळींत पाडतो.