बेनी बू अलीची तलवार, ६५ हजारांची

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पुण्यात जुन्या बाजारात एका माणसासोबत चहा पिताना हे मीच आपण होऊन सांगितलं. वर, सहा वर्षं मस्कतला नोकरीला होतो, हेही. पुढच्या रविवारी त्याच्याकडे 'मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या शिपायाने लढाईत हस्तगत केलेली अरबी तलवार' हजर! मला शंका यायला हवी होती. आला तो उमाळा.

त्याने सांगितलेली लढाई खरीच झालेली. नोव्हेंबर १८२० मध्ये ओमानातल्या बनी बू अली टोळीने ब्रिटिश कॅप्टन थॉम्प्सनच्या फौजेचा धुव्वा उडवला होता. त्याचं उट्टं काढायला जनरल लायोनेल स्मिथ मुंबई इलाख्यातून मोठी फौज घेऊन गेला आणि मार्च १८२१ मध्ये त्याने त्यांचा पाडाव केला. मुंबईच्या पलटणींना 'बेनी बू अली' हा रणसन्मानही मिळाला. मी रात्री घरी बसून हे सगळं पडताळून पाहिलं. तलवार मात्र पडताळली नाही.

सोबत चहाच्या रंगाचं इंग्रजी पत्र होतं, १८२१ सालचं. "उद्या मुंबईचं गिऱ्हाईक येतंय," म्हणाला. मी तिथेच ६५ हजार यूपीआयने पाठवले. पावती मागितली तर, "साहेब, घरातली वस्तू, पावती कसली?" शंभर वर्षांपुढच्या अशा वस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या कायद्याने पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. तो दाखव, एवढं म्हणायलाही माझी जीभ रेटली नाही.

ईदेला मस्कतजवळ रझा नाच पाहिलाय मी. त्यातली सरळ, दुधारी तलवार इतकी पातळ असते, की मनगट हललं की पातं थरथरतं. माझी तलवार भिंतीवर लावायच्या आधी हौसेने तशी हलवून पाहिली. ढिम्म! उसाचा कोयता बरा. मग एका शिकलगाराकडे नेली. त्याने चार बोटं जागा पॉलिश पेपरने घासली. गंज सगळीकडे सारख्याच जाडीचा, खाली लख्ख लोखंड. "ट्रकच्या कमानीचा पाटा आहे, दादा. गंज ॲसिडचा." मुठीवरची 'चांदी' जर्मन सिल्व्हरची निघाली.

पत्राचं पितळ वडिलांनी उघडं पाडलं. पलटणीच्या नावात 'मराठा' आलं ते १९०३ च्या फेररचनेत. १८२१ मध्ये होती ती नुसती बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री. ज्या नावाने मी विरघळलो, तेच नाव त्या कागदावर असणं शक्य नव्हतं.

त्या माणसाचा फोन बंद आहे. चौकीत गेलो, तर हवालदारांनी आधी मलाच विचारलं, "तलवारीचं लायसन आहे का?"

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या एका मित्राला व्हॉट्सॲपवर 'लढाईतल्या' अरबी तलवारीचे फोटो आले. आता साल १८१९, ठिकाण रास अल-खैमा. पत्रातली लाइट इन्फन्ट्री तेवढी जागच्या जागी आहे.