तिकिटात ग्राहकाची माहिती: शेजारी दिसणारी की रकान्यात साठवलेली?

पणजीपासून काणकोणपर्यंतच्या हॉटेलांना आरक्षणाचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या संस्थेला, पर्यटन हंगाम सुरू होण्यापूर्वी ज्यांचे करार नूतनीकरणाला येतात त्या ग्राहकांची प्रलंबित तिकिटे (कामांच्या वा तक्रारींच्या नोंदी) जिरा या कामांचा मागोवा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शोधायची असतील, तर सेल्सफोर्स या ग्राहक व विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील विक्रीची माहिती दोन प्रकारे आणता येते.

पहिल्या प्रकारात ती तिकिटाशेजारच्या चौकटीत थेट दिसते. ती ताजी असते, परंतु नुसती दाखवलेली माहिती जिराच्या शोधसूचीत जात नाही, त्यामुळे जेक्यूएलने, म्हणजे जिराच्या शोधभाषेने, तिच्यावरून तिकिटे गाळता येत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात ग्राहकाचे नाव, कराराची रक्कम आणि नूतनीकरणाची तारीख तिकिटाच्या स्वतंत्र रकान्यांत उतरवली जाते. मग तारखेवरून गाळणे, रकमेनुसार उतरता क्रम लावणे आणि तो फिल्टर जतन करून डॅशबोर्डवर ठेवणे शक्य होते. रकमेचा रकाना मात्र संख्येचाच हवा. मजकुराच्या रकान्यात लहानमोठेपणाची तुलना होत नाही. सेल्सफोर्समधील बदल तिकिटात आपोआप पोहोचले नाहीत, तर जुन्या तारखेवर विसंबून भलतेच काम आधी हाती घेतले जाते, आणि ही चूक मला शोध न लागण्यापेक्षाही गंभीर वाटते.

तरीही, बदल आपोआप पोहोचण्याची सोय करून, शोधासाठी हा दुसरा प्रकारच निवडावा. ग्राहकाचा दूरध्वनी व पत्ता मात्र चौकटीतच राहू द्यावा, कारण त्यांवरून तिकिटे शोधण्याची गरज नसते.